मारले, लागले की धक्का बसला? आघातवाचक इंग्रजी क्रियापदांचे अध्यापन

मधल्या सुट्टीनंतर मुले वर्गात परतली म्हणजे शिक्षकासमोर दोन-तीन तक्रारी हटकून उभ्या राहतात. "गुरुजी, यानं मला मारलं," ही त्यांतील नेहमीची तक्रार होय. चौकशी केली असता कधी असे आढळते की, एकाने खरोखरच दुसऱ्याच्या पाठीत बुक्की घातली होती. कधी असे आढळते की, पाण्याच्या टाकीपाशी झालेल्या गर्दीत एकाचे कोपर दुसऱ्याच्या नाकाला लागले होते. आणि कधी असेही आढळते की, लपंडाव खेळताना दोघे भिंतीच्या कोपऱ्यावर समोरासमोर येऊन धडकले होते व टेंगूळ दोघांच्याही कपाळावर आले होते. दुखापत तिन्ही प्रसंगी सारखी असेल; दोष मात्र सारखा नसतो. मराठीतून चौकशी चालली असता हा भेद काढून घेण्यास फारसा वेळ लागत नाही. "मारलं की लागलं?" एवढे विचारले तरी पुष्कळदा पुरते.

आता हीच तक्रार मूल इंग्रजीतून करू लागले, तर काय होते ते पाहावे. "टीचर, ही बीट मी." बुक्की असो, कोपर असो वा धडक असो, वाक्य एकच. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून सर्व शाळांतून शिकविला जातो. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांतून सेमी-इंग्रजीचे वर्गही चालतात. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीतच बोलावे, असा आग्रह धरला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या मुलाजवळ आघात दाखविणारे एकच इंग्रजी क्रियापद आहे, त्याला चुकून लागलेल्या धक्क्याचे वर्णन मारहाण म्हणूनच करावे लागते. शब्द अपुरा पडला की साक्ष खोटी पडते, आणि शिक्षा भलत्याच मुलाच्या वाट्यास येते. म्हणून 'हिट', 'बीट', 'बंप', 'बँग', 'नॉक' आणि आपल्याकडे सर्वत्र ऐकू येणारा 'डॅश' या लहानशा शब्दांचा विचार येथे थोड्या विस्ताराने केला आहे.

मराठीची सोय

प्रथम मुलाजवळ आधीच असलेली पुंजी पाहावी. आघात दाखविणारी क्रियापदे मराठीत विपुल आहेत. मारणे, ठोकणे, बडविणे, आपटणे, आदळणे, धडकणे, ढकलणे, ठेचकाळणे, लागणे ही त्यांतील अगदी रोजची होत. यांपैकी प्रत्येकाचे काम वेगळे आहे. मूल उंबऱ्याला ठेचकाळते, झाडावरून आपटते, पळता पळता दुसऱ्यावर आदळते. 'उंबऱ्याने मला मारले' असे ते म्हणत नाही. लहान बाळाची समजूत घालताना आई उंबऱ्याला चापट मारते व "याने मारलं का तुला?" असे विचारते खरे, परंतु ती थट्टा आहे हे बाळालाही लवकरच कळते.

या साऱ्या क्रियापदांत 'मारणे' आणि 'लागणे' यांची जोडी विशेष महत्त्वाची आहे. 'त्याने मला दगड मारला' या वाक्यात करणारा आहे, त्याचा हेतूही आहे. 'मला दगड लागला' या वाक्यात करणारा पुसला गेला आहे. उरली आहे ती केवळ दुखापत. 'धक्का' या नामाच्या बाबतीतही असाच भेद आहे. धक्का 'दिला' किंवा 'मारला' म्हणजे मुद्दाम. धक्का 'लागला' किंवा 'बसला' म्हणजे आपोआप. चार-पाच वर्षांचे मूल हा भेद कोणत्याही व्याकरणाच्या मदतीवाचून अचूक पाळते. आपली चूक असली म्हणजे "त्याला लागलं" म्हणते, दुसऱ्याची असली म्हणजे "त्यानं मारलं" म्हणते! यात थोडी लबाडी असली तरी भाषेची जाण पक्की आहे, हे शिक्षकाने ओळखले पाहिजे.

ही जाण प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलांपुरतीच आहे, असे नव्हे. खानदेशातील एकाच वर्गात अहिराणी, लेवा गणबोली, तावडी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत पावरी व भिल्ली बोली घरी बोलणारी मुले असतात; तांड्यावरील मुलांच्या घरी गोरबोली असते. अहिराणी बोलणारे मूल 'माले लागनं' म्हणते, तेव्हा तेही करणाऱ्याला बाजूस ठेवून केवळ दुखापतच सांगत असते. तेव्हा इंग्रजी क्रियापदांचा पाठ आरंभताना "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. जे उत्तर येईल ते फळ्यावर लिहावे. त्यात शुद्ध-अशुद्ध पाहू नये.

'बीट' आणि 'हिट'

'मारणे' याचा प्रतिशब्द म्हणून मुलांच्या तोंडी बहुधा 'बीट' हाच शब्द बसलेला असतो. भाषांतराने इंग्रजी शिकविण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर कित्येक पिढ्यांचे इंग्रजी पोसले गेले, आणि त्या पद्धतीचे गुणही थोडे नाहीत. परंतु एका शब्दास एक प्रतिशब्द अशी सवय जडली की अशी अडचण उत्पन्न होते. इंग्रजीत 'बीट' म्हणजे पुनःपुन्हा मारणे, झोडपणे, बडविणे. ढोल 'बीट' करतात. अंडे फेटण्यासही हेच क्रियापद आहे. शिवाय सामन्यात हरविणे असाही त्याचा अर्थ आहे. एका चापटीची तक्रार 'ही बीट मी' या शब्दांत केली, तर ऐकणाऱ्या इंग्रजी भाषकास मुलाला बेदम मार बसल्याचा भास व्हावयाचा.

एका आघाताला साधा शब्द 'हिट' हा होय. हा शब्द फार जुना आहे. उत्तर युरोपातील नॉर्स लोकांच्या भाषेतून तो इंग्रजीत आला, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ 'गाठ पडणे, सापडणे' असा होता. या मुळामुळेच असेल, 'हिट' या शब्दात हेतूचा बोध आवश्यक नाही. एक वस्तू दुसरीला जाऊन भिडली, एवढेच तो सांगतो. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना हे समजावण्यास 'हिट विकेट' हे उदाहरण पुरेसे आहे. फलंदाजाची बॅट किंवा त्याचे शरीर त्याच्याच यष्टींना लागते व तो बाद होतो. स्वतःची यष्टी मुद्दाम कोणी पाडीत नाही. तरी शब्द 'हिट' हाच. वर्तमानपत्रांतून 'हिट अँड रन' हा शब्दप्रयोग आता मराठीसारखाच रूढ झाला आहे. जानेवारी २०२४ च्या आरंभी वाहनचालकांचा देशव्यापी संप झाला, त्या वेळी तो खेड्यापाड्यांतही सर्वांच्या तोंडी होता. त्यातही 'हिट' म्हणजे वाहनाची धडक बसणे. चालकाने ती मुद्दाम दिली, असे त्यात गृहीत नाही. चालकाचा ठळक अपराध दिसतो तो पुढच्या 'रन' या शब्दात, म्हणजे जखमीस टाकून पळून जाण्यात.

येथे वाक्यरचनेची एक गोम आहे. 'माझे डोके दाराला लागले' असे आपण म्हणतो. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांची दारे ठेंगणी असल्याने हे वाक्य मुलांच्या चांगल्या परिचयाचे आहे. या वाक्यात 'डोके' हा कर्ता आहे. इंग्रजीत मात्र 'आय हिट माय हेड ऑन द डोअर' असे म्हणतात. कर्ता 'मी' आहे. मूल याचा शब्दशः अर्थ लावते, 'मी माझे डोके दारावर मारले', आणि हसते. कारण असे कोण करील? म्हणून हे वाक्य देताना स्पष्ट सांगावे की, ज्याचे अंग त्याला कर्ता करण्याची इंग्रजीची ही एक रीत आहे. त्यात हेतू नाही व दोषही नाही. 'लागणे' या क्रियापदाला इंग्रजीत सर्वत्र चालेल असा प्रतिशब्द नाही, हेही सांगून टाकावे. भूक लागते, थंडी लागते, कुलूप लागते आणि दगडही लागतो. इंग्रजीत यांतील प्रत्येकासाठी वेगळी रचना करावी लागते.

आवाजातून आलेले शब्द

बोलण्यातल्या इंग्रजीत 'हिट' याच्या जोडीला काही चटपटीत क्रियापदे आहेत. ती मुलांना फार आवडतात, कारण त्यांत आवाज आहे. 'बंप', 'बँग', 'नॉक', 'व्हॅक' हे शब्द मोठ्याने उच्चारून पाहिले, तर आघाताचा नाद कानी येतो.

मराठीतही नाद आहे. फक्त त्याची जागा निराळी आहे. आपण क्रियापद तेच ठेवतो आणि त्याच्या मागे नादवाचक शब्द जोडतो. दार धाडकन आपटले, डोके खाडकन आपटले, पेला टणकन पडला, पोते धपकन आदळले. इंग्रजीने हा नाद क्रियापदाच्या पोटातच घातला आहे. 'धाडकन आपटले' या दोन शब्दांचे काम 'बँग' हा एक शब्द करतो. हा एक मुद्दा मुलांच्या ध्यानी आला की पुढील शब्द पाठ करावयास लावण्याची गरज उरत नाही.

'बंप' म्हणजे हलकासा, बोथट धक्का. त्याने फार तर टेंगूळ यावे. त्या टेंगळालाही इंग्रजीत 'बंप' असेच म्हणतात. रस्त्यावरील गतिरोधकासही इंग्रजीत 'स्पीड बंप' म्हणतात, आणि मोटारीच्या पुढील व मागील बाजूस धक्का सोसण्यासाठी बसविलेला 'बंपर' तर प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. या क्रियापदात मुद्दामपणाचा भाव बहुधा नसतो. म्हणून गर्दीत लागलेल्या धक्क्यासाठी 'ही बंप्ट इंटू मी' हे वाक्य अगदी योग्य होय. पहिल्या परिच्छेदातील लपंडावाच्या प्रसंगाला हेच वाक्य लागू पडते, आणि 'वुई बंप्ट इंटू ईच अदर' म्हटले तर दोघांपैकी कोणाचाच अपराध नाही, हेही आपोआप सांगितले जाते.

'बँग' मध्ये मोठा आवाज हवा. उन्हाळ्याच्या वावटळीत वर्गाचे दार आपटते, तेव्हा 'द डोअर बँग्ड' म्हणावे. येथे मराठीशी एक सुखद मेळ आहे. 'दार आपटले' आणि 'त्याने दार आपटले' ही दोन्ही वाक्ये आपण एकाच क्रियापदाने करतो. इंग्रजीतही 'बँग' दोन्हीकडे चालतो. 'नॉक' म्हणजे ठोठावणे, टकटक करणे. परंतु धक्क्याने काही पाडले गेले असता 'नॉक ओव्हर' असे म्हणतात. पाण्याचा पेला हात लागून सांडला, तर 'आय नॉक्ट द ग्लास ओव्हर' म्हणावे. 'व्हॅक' म्हणजे जोराचा फटका, बहुधा चेंडूला किंवा डासाला हाणलेला.

अशा बोलीतल्या शब्दांत काही असेही आहेत की ज्यांना इंग्रजीत ग्राम्य अर्थ आहे. 'बाँक' हे क्रियापद डोक्यावर टपली बसण्याच्या अर्थाने विनोदात वापरले जाते. पण त्याचा दुसरा अर्थ वर्गात उच्चारण्यासारखा नाही. म्हणून मनोरंजनाच्या चित्रफितीतून ऐकलेला प्रत्येक नवा शब्द मुलांस देण्यापूर्वी शिक्षकाने चांगल्या शब्दकोशात पाहून घ्यावा. शब्दापुढे 'बोलीतील' किंवा 'असभ्य' अशी खूण आहे काय, हे पाहण्याची सवय स्वतःस लावून घ्यावी.

'डॅश' ची गोष्ट

आता या कुळातील आपल्या देशी चालीच्या शब्दाकडे वळू. सुरतेहून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर या वाटेने नागपूरकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ व आताचा क्रमांक ५३, हा खानदेशाचा कणा आहे. त्याच्या काठच्या गावांतील मुलांनी 'डॅश मारला', 'मागून डॅश दिला' हे शब्द घरोघर ऐकलेले असतात. 'कट मारणे' हाही तसाच शब्द. 'कट मारल्याच्या कारणावरून हाणामारी' अशा मथळ्याची बातमी वर्तमानपत्रात वारंवार दिसते. इंग्रजी नामाला मराठी 'मारणे' जोडून आपण ब्रेक मारतो, हॉर्न मारतो, तसेच कट आणि डॅशही मारतो. 'मारणे' येथे केवळ 'करणे' या अर्थी आहे. गप्पा मारणे, हाक मारणे, उडी मारणे यांत कोणी कोणास मारीत नाही, हे उदाहरण देऊन मुलांस ते सहज पटविता येईल.

असे हे मूल इंग्रजीच्या तासाला 'ही डॅश्ट मी' असे म्हणते. येथे शिक्षकाकडून दोन प्रकारच्या चुका संभवतात. एक म्हणजे ते बरोबर मानून पुढे जाणे. दुसरी म्हणजे 'हा काय इंग्रजी शब्द आहे?' म्हणून वर्गासमोर मुलाचे हसे करणे. दोन्ही टाळाव्यात. कारण 'डॅश' हा खोटा शब्द नव्हे. जोराने आपटणे हा त्याचा जुना व अस्सल अर्थ आहे. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात, पाय दगडावर आपटू नये अशा अर्थाच्या ठिकाणी हेच क्रियापद योजिलेले आहे. समुद्राच्या लाटा खडकावर आपटतात, तेथे आजही इंग्रजी लेखक तेच वापरतात. इंग्लंडातील रोजच्या बोलण्यात मात्र त्याचा मुख्य अर्थ 'घाईने धाव घेणे' असा झाला, आणि आपटण्याचा अर्थ ग्रंथांत उरला. भारतात तो उरला पोलिसांच्या कागदांत, न्यायालयांच्या निकालांत आणि लोकांच्या तोंडी. मोटार अपघातांच्या दाव्यांवरील आपल्या न्यायालयांचे इंग्रजी निकाल पाहिले, तर एक वाहन दुसऱ्यावर 'डॅश्ट अगेन्स्ट' झाले, असे शब्द पदोपदी आढळतात.

तेव्हा मुलास सांगावयाचे ते असे. हा शब्द आपल्या देशाच्या इंग्रजीत रुळलेला आहे. तो वापरल्याबद्दल लाजण्याचे कारण नाही. परंतु परदेशी मनुष्य 'ही डॅश्ट मी' हे वाक्य ऐकून गोंधळेल, कारण त्याच्या कानाला 'डॅश' म्हणजे धावणे. त्याला कळावे अशी इच्छा असेल, तर 'ही बंप्ट इंटू मी' किंवा 'द बाइक हिट मी' असे म्हणावे. एकाच गोष्टीला घरचा, गावचा आणि परक्याशी बोलण्याचा असे निरनिराळे शब्द असू शकतात, हे खानदेशातील मुलास समजावण्यास अवघड नाही. ते घरी एक बोली बोलते आणि शाळेत दुसरी. हा व्यवहार ते रोजच करीत असते.

बोलण्याचे शब्द आणि लिहिण्याचे शब्द

बोलण्यातले शब्द शिकविताना ते कोठे वापरू नयेत, हेही शिकविले पाहिजे. पंचनाम्यात 'गाडी ठोकली' असे कोणी लिहीत नाही. 'वाहनाची धडक बसली' असे लिहितात. इंग्रजीतही 'बंप', 'बँग', 'व्हॅक' हे मित्रांशी बोलण्याचे शब्द. अर्जात वा बातमीत 'स्ट्राइक' किंवा 'कोलाइड' अशी भारदस्त क्रियापदे येतात. 'हिट' मात्र दोन्हीकडे चालतो. म्हणूनच प्राथमिक शाळेत तो पायाचा शब्द मानावा आणि बाकीचे त्याच्याभोवती रचावेत.

या शब्दांना लाक्षणिक अर्थही आहेत. 'बंप इंटू' म्हणजे धक्का लागणे, तसेच एखाद्याशी अवचित गाठ पडणे. हे ऐकून मुलांना नवल वाटेल. पण मराठीत 'सकाळीच पाहुणे येऊन धडकले' असे आपण म्हणतोच. पाहुण्यांनी कोणाचे डोके फोडलेले नसते! त्याचप्रमाणे भाषण ठोकतात, तंबू ठोकतात, सलाम ठोकतात. आणि इंग्रजीत चित्रपट 'हिट' होतो. मोठ्या वर्गांत अशा जोड्या जुळविण्याचा खेळ रंजक होतो. लहान वर्गांत मात्र त्यात शिरू नये.

उच्चार आणि रूपे

उच्चाराकडे दुर्लक्ष झाले तर वरील सारा खटाटोप वाया जातो. 'हिट' मधील इकार ऱ्हस्व आहे. तो दीर्घ केला की 'हीट', म्हणजे उष्णता, होते. उलट 'बीट' मधील ईकार दीर्घ आहे. तो ऱ्हस्व झाला की 'बिट', म्हणजे चावला, असा अर्थ होतो. कुत्रा चावल्याचे सांगताना मूल दीर्घ उच्चार करते आणि कुत्र्याने आपल्याला झोडपल्याचे सांगून जाते. या दोन जोड्या फळ्यावर लिहून आठ दिवस रोज दोन मिनिटे म्हणून घ्याव्यात.

भूतकाळाची रूपे पुढीलप्रमाणे ध्यानात ठेवावीत. 'हिट' बदलत नाही. आजही 'हिट' आणि कालही 'हिट'. 'बीट' याचे भूतकाळी रूपही 'बीट' असेच राहते. 'बंप', 'नॉक', 'डॅश', 'व्हॅक' यांच्या भूतकाळात लेखनात शेवटी 'ईडी' असले, तरी उच्चार 'ट' चा होतो: बंप्ट, नॉक्ट, डॅश्ट, व्हॅक्ट. 'बँग' याच्या शेवटी मात्र 'ड' चा उच्चार होतो. 'नॉक' लिहिताना आरंभी 'के' हे अक्षर येते व त्याचा उच्चार होत नाही. काही शतकांपूर्वी इंग्रज लोक तो करीत असत. उच्चार गेला आणि अक्षर मागे राहिले. एवढे सांगितले म्हणजे मुले ते अक्षर विसरत नाहीत.

पाठाची मांडणी

हा विषय तिसरी-चौथीत चार तासिकांत पुरा होण्यासारखा आहे.

पहिल्या तासिकेत केवळ संग्रह करावा. पडणे, लागणे, आपटणे, धडकणे यांसाठी घरी व गल्लीत जे शब्द वापरतात, ते मुलांनी सांगावेत. शिक्षकाने ते फळ्यावर दोन रकान्यांत मांडावेत: एक 'मुद्दाम' चा, दुसरा 'चुकून' चा. कोणता शब्द कोठे जाईल याचा निर्णय मुलांनीच करावा. वाद झाला तर होऊ द्यावा. भेदाची जाण त्यातूनच पक्की होते.

दुसरी तासिका कृतीची. साहित्य म्हणून चेंडू, डस्टर, रिकामा डबा व वर्गाचे दार एवढे पुरे. चेंडू भिंतीवर टाकून 'द बॉल हिट द वॉल' म्हणावे. दार आपटून 'बँग', बाकावर टकटक करून 'नॉक', डबा हाताच्या हलक्या धक्क्याने पाडून 'नॉक ओव्हर' दाखवावे. मुलाने मुलाला मारून कोणतेही क्रियापद दाखवू नये, आणि शिक्षकाने तर नव्हेच. 'बंप' दाखविण्यासाठी दोन दप्तरे एकमेकांवर आणावीत.

तिसऱ्या तासिकेत चित्रे अथवा लहान प्रसंग द्यावेत. सायकल दगडावर आपटली. चेंडू खिडकीला लागला. दोन मुली दारात एकमेकींवर आदळल्या. एका मुलाने रागाने दुसऱ्यास चापट मारली. मुलांनी प्रत्येकासाठी एक इंग्रजी वाक्य सांगावे आणि त्याच्या पुढे 'ऑन पर्पज' म्हणजे मुद्दाम, की 'बाय ॲक्सिडेंट' म्हणजे चुकून, हेही जोडावे. हे दोन शब्दसमूह या पाठाचा गाभा आहेत. क्रियापद विसरले तरी चालेल. हे दोन विसरता कामा नयेत.

चौथ्या तासिकेत संवाद घ्यावा. एकाने तक्रार सांगावी, दुसऱ्याने आपली बाजू मांडावी, आणि शेवट 'सॉरी, आय डिडंट मीन टू' व 'इट्स ओके' या वाक्यांनी व्हावा. बुजरी मुले आधी आपल्या बोलीत बोलतील, बोलू द्यावे. मग तेच इंग्रजीत म्हणण्यास साहाय्य करावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा संवाद एखाद्या शाळेने सादर केला, तर इतरांस मार्गदर्शक होईल. जमा झालेल्या बोलीशब्दांच्या याद्याही तेथे एकत्र कराव्यात. केंद्रातील दहा-बारा शाळांचे शब्द एकत्र आले की एक लहानसा उपयुक्त कोश तयार होईल.

शेवटी

या पाठाचे यश परीक्षेच्या गुणांत मोजावयाचे नाही. ते मधल्या सुट्टीनंतर दिसून येईल. ज्या वर्गात मूल 'ही बीट मी' याऐवजी 'ही बंप्ट इंटू मी, बाय ॲक्सिडेंट' असे सांगू लागेल, त्या वर्गात एका मुलाने दुसऱ्या मुलास न्याय दिला, असे समजावे. परकी भाषा शिकताना सत्य सांगण्याची शक्ती कमी होऊ नये, उलट वाढावी, हाच भाषाशिक्षणाचा हेतू आहे.

आणि एक गोष्ट शिक्षकाच्या स्वतःच्या हाताविषयी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या १७ व्या कलमाने मुलांस शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. हा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फळ्यावरील 'मुद्दाम' आणि 'चुकून' हे दोन रकाने मुलांच्या डोळ्यांसमोर राहणार आहेत. शिक्षकाची छडी त्यांतील कोणत्या रकान्यात जाते, हे मुलांस विचारावयाची पाळी कोणत्याही शाळेत येऊ नये. ज्या वर्गात शिक्षक हात उगारीत नाही, त्याच वर्गात 'हिट' आणि 'बंप' यांतील भेद मुले निर्भयपणे सांगतील, आणि आपली चूक असतानाही खरे क्रियापद वापरतील.